पावसाच्या जंगलाचा बेत

कार्ल्सरूहेला मी गेले तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. साठचं दशक नुकतंच सुरू झालेलं. हे तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होते आणि माझ्या बरेच आधी येऊन राहिले होते, त्यामुळे यांना सगळं सवयीचं होतं. कुठली ट्राम, कुठला पाव, कुणाशी हात मिळवायचा आणि कुणाकडे बघून नुसती मान हलवायची. सकाळी डबा घेऊन बाहेर पडत ते अंधार पडताना परत येत, आणि आल्यावरही यांचं डोकं तिकडे प्रयोगशाळेतच असे. माणूस वाईट मुळीच नव्हे. "बरी आहेस ना?" असं रोज विचारत. मी "हो" म्हणे. तेवढ्यावर आमचं बोलणं संपे.

गावाच्या टोकाला एका घराच्या माळ्यावर आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. छप्पर इतकं उतरतं की भांडी घासताना मान तिरकी ठेवावी लागे. आणि घरात शांतता म्हणजे किती असावी! जिन्यात पाय वाजवायचे नाहीत, दुपारच्या जेवणानंतर काही आपटायचं नाही, रविवारी कपडे वाळत घालायचे नाहीत. मी आंबोलीची. वडील जंगलखात्यात. आमच्या घरात माणसांचा, कोंबड्यांचा आणि वर्षातले चार-पाच महिने पागोळ्यांचा आवाज कधी थांबलेला मला आठवत नाही. इथे मी दुपारी स्वतःशीच मोठ्याने बोलू लागले. "चला, आता कणीक भिजवू या." किंवा "आज ऊन बरं पडलंय, नाही?" उत्तर कोण देणार? पण निदान कानांना मराठी ऐकू यायचं.

आमच्या खिडकीखाली घरमालकांचं अंगण होतं. घरमालक सुतार होते. नुसते सुतार नव्हेत, मायस्टर. म्हणजे परीक्षा देऊन, हाताखाली माणसं तयार करायचा हक्क मिळवलेले. सगळी गल्ली त्यांना मायस्टर म्हणे, मीही म्हणू लागले. साठीच्या आसपासचे, उंच, एका कानाने कमी ऐकणारे. त्यांची बायको मी यायच्या आदल्या हिवाळ्यात वारली होती, एवढं यांनी मला सांगून ठेवलं होतं. अंगणात एक जुनी बंद गाडी उभी असे. पूर्वी ती कुठल्याशा लाँड्रीचे कपडे घरोघर पोचवायची. मायस्टर दिवसभर तिच्या पोटात शिरून काहीतरी कापत, ठोकत असत. तो ठोकण्याचा आवाज ही माझी सोबत होती. तो थांबला की मी खिडकीतून वाकून बघे.

आमची ओळख झाली ती बाटलीमुळे. माझ्याकडे पोळपाट-लाटणं नव्हतं. सामान बांधताना आईने मसाले, लोणचं, देवीचा फोटो, सगळं आठवणीने घातलं आणि नेमकं हेच राहिलं. मी टेबलावर कणीक ठेवून बूच लावलेल्या रिकाम्या बाटलीने पोळ्या लाटत होते. बाटलीला मधोमध फुगवटा होता, त्यामुळे पोळी कडेला जाड व्हायची आणि मधे फाटायची. एक दिवस फारच चिडले. बाटली हातात घेतली आणि तशीच जिना उतरून अंगणात गेले.

मायस्टरांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि खिशातून बूच काढायचा चाकू बाहेर काढला.

"नाइन, नाइन!" मी म्हणाले. तेवढं येत होतं. मग मी त्यांच्या कामाच्या बाकावर बाटली आडवी ठेवून पुढे-मागे फिरवून दाखवली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी हाताने गोल पोळी दाखवली, तव्यावर टाकल्यासारखं केलं, तोंडाने चुर्र आवाज काढला. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उजळला.

"पण बाटलीने का?" ते म्हणाले. "बाटली पिण्यासाठी असते."

दुसऱ्या दिवशी माळ्याच्या दाराबाहेर एक लाटणं ठेवलेलं होतं. बीचच्या लाकडाचं, दोन्ही टोकांना जरासं निमुळतं, हाताला रेशमासारखं लागणारं. मी दोन पोळ्या करून, साखर-तूप लावून, गुंडाळून खाली नेऊन दिल्या. त्यांनी उभ्याउभ्या खाल्ल्या. मग म्हणाले, "फ्राऊ डॉक्टर, तुम्हाला स्वयंपाकघराचं कळतं. जरा इकडे या."

यांना अजून डॉक्टरेट मिळायची होती, आणि मी तर मॅट्रिकनंतर एक वर्ष कॉलेजात जाऊन आलेली. मी म्हणाले, "डॉक्टर नाही." ते म्हणाले, "यजमान होतील की, मग तुम्हीही." तेव्हापासून मी त्यांची फ्राऊ डॉक्टर झाले ती शेवटपर्यंत.

त्यांनी मला गाडीच्या मागच्या दारातून आत चढवलं. आत एका बाजूला बाक होता, त्याची फळी ओढली की पलंग व्हायचा. छताला लागून कपाटं होती. दिव्यासाठी कोनाडा होता. एकही खिळा कुठे दिसत नव्हता, सगळं सांध्यात सांधा घालून केलेलं. पण मागच्या कोपऱ्यात नुसता रिकामा पत्रा होता. तिकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथे स्वयंपाकघर. हे तिचं काम होतं. कुठे काय हवं ते ती सांगणार होती."

म्हणजे त्यांची बायको. दोघं मिळून या गाडीतून फिरायला जाणार होते. राहायचं, झोपायचं, रांधायचं सगळं गाडीत. बाकीची गाडी पूर्ण होत आली होती आणि या कोपऱ्याशी येऊन त्यांचा हात थांबला होता. ते दिवसभर ठोकत होते ते झालेलंच पुन्हा पुन्हा काढून बसवत होते, हे मला नंतर कळलं.

"कुठे जाणार?" मी विचारलं.

त्यांनी मला अंगणाच्या कडेच्या त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात नेऊन भिंतीवरचा नकाशा दाखवला. जर्मनी ओलांडून, डेन्मार्क ओलांडून, बोटीने समुद्र पार करून नॉर्वेचा पश्चिम किनारा. तिथे बोट टेकवून म्हणाले, "इथे जंगल आहे. बर्फाचं नाही, पावसाचं. वर्षभर पाऊस पडतो. झाडांना शेवाळ असं लोंबतं." आणि त्यांनी हनुवटीखाली हात धरून दाढी दाखवली.

 माझ्या वडिलांबरोबर मी अशाच जंगलातून चाललेली होते. झाडांच्या बुंध्यांवर, दगडांवर, घराच्या भिंतींवर, चपलांवरसुद्धा हिरवी लव. समोरचा माणूस धुक्यातून आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. थंड देशातही तसं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना सांगू गेले, पण शब्द कुठले? "माझं घर," मी म्हणाले. "पाऊस. शेवाळ. माझं घर."

"जा?" ते म्हणाले. जर्मनमध्ये 'जा' म्हणजे हो; खरंच का, अशा अर्थाने.

"जा," मी म्हणाले. होय.

त्या हिवाळ्यात मी रोज खाली जाऊ लागले. घरातलं आवरलं की शाल गुंडाळून कारखान्यात. तिथे शेगडी पेटलेली असे, तिच्यावर सरसाचं भांडं तापत असे आणि रंध्याखालून निघालेल्या छिलक्यांचा वास सगळीकडे. आम्ही बेत करत बसायचो. मायस्टर खडूने जमिनीवर गाडीचा आकार काढत आणि मी त्यात उभी राहून डोळे मिटून स्वयंपाक करून दाखवी. इथे पातेलं. इथे हात पुसायचं फडकं. चिरलेलं ठेवायला इथे जागा हवी. ते पेन्सिल कानावरून काढत आणि खुणा करत.

पावसात राहायचं कसं, हे मात्र मीच सांगू शकत होते. त्यांच्या आखणीत शेगडी पार आत, पलंगाजवळ होती. मी म्हटलं, शेगडी दाराशी हवी, म्हणजे वाफ बाहेर जाईल. ओले कपडे आत आणायचे नाहीत, दाराला बाहेरून पत्र्याची वळचण काढा, तिच्याखाली दोरी बांधा. मिठाला पाणी सुटतं, म्हणून त्यात तांदळाचे दाणे टाकायचे. काडेपेटी तांदळाच्या डब्यातच ठेवायची. अंथरूण रोज उचलून उभं करायचं, नाहीतर खालून बुरशी धरते. हे सगळं मी निम्म्या खुणांनी आणि निम्म्या चुकीच्या जर्मनमध्ये सांगे. मायस्टर मान हलवत म्हणत, "गेनाऊ, गेनाऊ." अगदी बरोबर. कुणी आपल्याला दिवसातून एवढ्या वेळा बरोबर म्हणावं, हे मला नवीन होतं.

माझं जर्मन मी त्या कारखान्यात शिकले. त्यामुळे "मला बरं वाटत नाही" हे नीट म्हणता यायच्या आधी मला बिजागरी, खाच, पाचर, सरस असे शब्द आले. एकदा हे म्हणाले, "तू बोलतेस ते शहरातलं जर्मन नाही. माझे सहकारी हसतील." मी विचारलं, "अहो, पण कळतं ना?" म्हणाले, "कळतं. त्यांना माझ्यापेक्षा तुझं जास्त कळेल."

नाताळच्या सुमारास मायस्टर माळ्यावर आले आणि यांच्यासमोर उभं राहून, टोपी हातात घेऊन म्हणाले, "हेर डॉक्टर, उन्हाळ्यात तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला. मी एकटा एवढं लांब जाऊन काय करू? पुढे तिघांना बसता येईल असं करतो. तुम्ही दोघं गाडीत झोपा, मी बाहेर तंबू ठोकेन."

हे हसले. "जाऊ या की," म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाचच हात धूत राहिले. इतका आनंद मला इथे आल्यापासून झाला नव्हता, आणि तो चेहऱ्यावर कसा आणायचा हेच मी विसरले होते.

मग पडदे मी शिवले. निळ्या चौकड्यांचं कापड मायस्टरांच्या बायकोने आणून ठेवलं होतं, तेच त्यांनी मला दिलं. तिचं शिवणयंत्रही उघडून दिलं. मी पायडल हलवलं तसे ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी शिवण थांबवली नाही. थांबवली असती तर त्यांना आणखी वाईट वाटलं असतं असं मला वाटलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी गाडीची परीक्षा घ्यायचं ठरलं. जवळच्या श्वार्त्सवाल्डमध्ये, म्हणजे काळ्या जंगलात, दिवसभर जाऊन यायचं. पावसाचं भाकीत होतं, म्हणून मुद्दाम तोच दिवस. मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी केली. ऐन निघताना हे म्हणाले, "मला आज एक मापन पुरं करायचंय. तू जा. मायस्टर काही परके नाहीत." मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण गाडी सुरू होऊन उभी होती. मी चढले.

वर चढू लागलो तसा पाऊस सुरू झाला. एका वळणापाशी, देवदारांच्या खाली मायस्टरांनी गाडी उभी केली आणि आम्ही मागे जाऊन बसलो. मी शेगडी पेटवली, चहा टाकला. टपावर पाऊस वाजत होता. आंबोलीच्या कौलांवर वाजतो तसा नव्हे, पत्र्यावरचा, कोरडा, तडतड. तरी मला तो ऐकत राहावंसं वाटलं. थोड्या वेळाने माझ्या हातावर एक थेंब पडला. मग दुसरा. मायस्टर घाबरेघुबरे होऊन उठले, त्यांनी छताचे सगळे सांधे बोटाने चाचपले.

"गळतंय!" ते म्हणाले. "माझं काम कधी गळलेलं नाही."

मी पत्र्यावरून हात फिरवला. सगळा पत्रा आतून ओला होता. "गळत नाही," मी म्हणाले. "ही आपली वाफ. चहाची, श्वासाची. वरती भोक हवं."

ते खाली बसले. हसतील असं मला वाटलं होतं, पण ते नुसते छताकडे बघत राहिले. म्हणाले, "ती असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती."

 चहा प्यायल्यावर मी विचारलं, "मायस्टर, तुम्ही ते जंगल कधी पाहिलंत?"

"युद्धात," ते म्हणाले.

एवढ्या महिन्यांत ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. जर्मनीने नॉर्वे ताब्यात घेतलं तेव्हा ते शिपाई म्हणून तिथे होते. सुतार म्हणून त्यांना सैन्यासाठी लाकडी बराकी बांधायला नेलं होतं, आणि त्या किनाऱ्यावरच्या एका गावाबाहेर ते राहिले होते. हळूहळू, मला कळावं म्हणून सोपे शब्द वापरत ते सांगू लागले. "आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही रस्त्याने चाललो की घरांची दारं लागायची. एकामागून एक. लहान पोरांनासुद्धा आत ओढून घ्यायचे. बरोबरच होतं त्यांचं. मग सुट्टीच्या दिवशी मी जंगलात जाऊन बसायचो. जंगलाला दार नसतं."

"आणि बायकोला सांगितलं?"

"परत आल्यावर पंधरा वर्षं तेच सांगत होतो. झाडं, शेवाळ, पाऊस. दारांचं नाही सांगितलं. ती म्हणायची, नुसतं सांगतोस, एकदा दाखव."

परतताना ते गाडी फार सावकाश चालवत होते. काचेवरचे वायपर कुरकुरत होते. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, मराठीत ते मनात तयारही होतं, पण जर्मनमध्ये माझ्याकडे फक्त लाकडाचे शब्द होते.

मे महिन्यात यांच्या प्राध्यापकांनी सांगितलं की मोठं यंत्र उन्हाळ्याच्या सुट्टीतच मोकळं मिळेल. हे घरी येऊन म्हणाले, "यंदा नाही जमायचं. पुढच्या वर्षी बघू."

"मी जाऊ?" मी विचारलं.

यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. रागाने नव्हे. "एवढे दिवस? एकट्या पुरुषमाणसाबरोबर? तुझ्या घरी काय कळवायचं?"

काय कळवायचं ते मलाही सुचेना. मायस्टरांना सांगितलं तेव्हा ते विचार करून म्हणाले, "माझी बहीण आहे ब्योब्लिंगेनला. ती विधवा आहे, एकटीच असते. ती आली तर तुमच्या यजमानांची हरकत नसेल ना?" यांची हरकत नव्हती. पुन्हा माझ्या मनाने उभारी धरली.

बहीण रविवारी कॉफीला आली. बुटकी, टापटीप, पांढरे हातमोजे घातलेली. माझ्याशी नीट वागली, मी केलेल्या शंकरपाळ्यांना चांगलं म्हणाली. मायस्टरांनी तिला गाडी फिरवून दाखवली, प्रत्येक खण उघडून. ती सगळं पाहून खाली उतरली आणि अंगणातल्या खुर्चीवर बसली.

"छान केली आहेस," ती म्हणाली. "इटलीला जा. माझ्याकडे ये. तिकडे का?"

"तुला ठाऊक आहे."

"मला एवढंच ठाऊक आहे, की माझा नवरा त्याच किनाऱ्यापाशी बोटीबरोबर बुडाला. तू तिथून परत आलास. आणि आता तू तिथे झाडं बघायला जाणार? कॉफीची किटली घेऊन? आणि मी तुझ्या शेजारी बसून यायचं?"

ती ओरडली नाही. माझ्यासमोर बोलल्याचं तिला वाईट वाटलं असावं, कारण माझ्याकडे वळून म्हणाली, "माफ कर हं, मुली." मग कप खाली ठेवून, हातमोजे चढवून ती निघाली. मायस्टर तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेले. दोघं रस्त्याने चाललेले मी वरून पाहिले. दोघांमध्ये बरंच अंतर होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीवर ताडपत्री घातली.

त्यानंतर कारखान्यातून आवाज येईनासा झाला. मी एक-दोनदा खाली गेले, तर ते नुसते बाकावर बसलेले. बेतच नाही म्हटल्यावर बसायचं तरी कशाला? मी वर आले. पुन्हा खिडकी, पुन्हा तो लांबलचक दिवस. पण आता पूर्वीपेक्षा वाईट होतं, कारण मधे काही काळ तो तसा नव्हता. घरी पत्र लिहायला बसले की "इकडे सर्व ठीक" याच्या पुढे सरकता येईना.

एका सकाळी मी खाली उतरले. मनाशी वाक्यं घोकत उतरले होते. मायस्टर बागेत वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होते.

"मायस्टर," मी म्हणाले, "तुम्ही जा."

"एकटा?"

"एकटेच. मी घर बघते. झाडांना पाणी घालते, टपाल उचलते. तुम्ही जा."

"बहीण म्हणते ते खरं आहे."

"खरं आहे," मी म्हणाले. पुढचं वाक्य मी घोकलेलं नव्हतं. "पण बायकोला दाखवायचं म्हणाला होतात."

"ती नाही."

"ती नाही. तुम्ही आहात."

त्यांनी काठी जमिनीत खोचली, ती हलते का पाहिलं, पुन्हा खोचली.  मला वाटलं, आपण भलतंच बोललो. मी जिना चढून गेले. पण दुपारनंतर खालून करवतीचा आवाज आला. वाकून पाहिलं तर ताडपत्री काढलेली होती आणि मायस्टर टपावर बसून वाफेसाठी भोक पाडत होते.

जूनच्या शेवटी ते गेले. मी चिवडा करून दिला, पावसात मऊ पडणार नाही असा घट्ट झाकणाच्या डब्यात. हे मुद्दाम उशिरा निघाले, निरोप द्यायला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि हे म्हणाले, "धाडसी आहे हो म्हातारा." मग ट्राम पकडायला धावले.

तो उन्हाळा मी त्या घरात जवळजवळ एकटीने काढला, हे रात्री येत तेवढेच. संध्याकाळ संपता संपत नसे, उजेड सरता सरत नसे. मी वाटाणे तोडले, सोलले, खाल्ले. भिंतीवरच्या नकाशापाशी उभी राहून, आज कुठवर पोचले असतील म्हणून बोट पुढे सरकवलं. कधी कधी कारखान्याचं कुलूप उघडून नुसतीच आत जाऊन बसले. तिथे सरस तापत नव्हता, त्यामुळे वासही निघून गेला होता. एकदा शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "मायस्टर कुठे?" मी म्हणाले, "नॉर्वेला." त्या म्हणाल्या, "अस्सं," आणि खाली मान घालून गवत उपटू लागल्या. त्या आठवड्यातलं, यांच्याखेरीज कुणाशी झालेलं, माझं तेवढंच बोलणं.

ऑगस्टमध्ये गाडी परत आली. चिखलाने माखलेली, एका बाजूचा दिवा फुटलेला. मायस्टर वाळले होते. मी त्यांना वर जेवायला बोलावलं. माळ्यावर ते पहिल्यांदाच जेवायला बसले. त्या दिवशी हेही वेळेवर आले. मी वरण-भात वाढला आणि त्यांनी चमच्याने हळूहळू खात सांगितलं.

जंगल होतं तिथेच होतं. शेवाळ तसंच, पाऊसही तसाच. बराकी नव्हत्या, तिथे कुरण झालं होतं. त्या कुरणाच्या कडेला त्यांनी गाडी लावली. परवानगी विचारावी म्हणून वरच्या घरी गेले. एका म्हाताऱ्या बाईने दार उघडलं. त्यांनी नॉर्वेजियनमध्ये पाठ केलेलं वाक्य म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि जर्मनमध्येच विचारलं, "आधी आला होतात इथे?"

"तुम्ही काय म्हणालात?" यांनी विचारलं. यांचा घास हातातच राहिला होता.

"हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिने दार लावलं."

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"मी गाडीत येऊन बसलो. उजाडलं की निघून जायचं ठरवलं. पाऊस वाढला. संध्याकाळी काचेवर टकटक झाली. तीच बाई, रबरी बूट घालून, डोक्यावर गोणपाट घेऊन. म्हणाली, इथे थांबू नका, ओढा चढतो, गोठ्यामागे गाडी घ्या. मी गाडी घेतली. ती पुढे चालून जागा दाखवून गेली. मग मी तिथे होतो तोवर पुन्हा बोलायला आली नाही. मी रोज जंगलात जात होतो, ती गाईंना चारा घालत होती. निघताना मी टोपी काढली. तिने मान हलवली. एवढंच."

"आणि जंगलात?" मी विचारलं.

मायस्टरांनी चमचा ताटात ठेवला. "तिला म्हटलं, बघ, हे ते. मोठ्याने म्हटलं. कुणी नव्हतं ऐकायला." मग थोडं थांबून म्हणाले, "फ्राऊ डॉक्टर, तुम्ही असतात तर बरं झालं असतं. फार शांत होतं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मायस्टरांना आणखी वरण वाढलं.

त्याच हिवाळ्यात यांचं काम पुरं झालं. ड्युसेलडॉर्फच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही गेलो. निरोप घेताना मायस्टरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडताना फक्त "नीट राहा" म्हणाले. आगगाडी सुटेपर्यंत ते फलाटावर थांबले नाहीत. मला ते बरंच वाटलं.

ड्युसेलडॉर्फला लिफ्टचं घर होतं, कंपनीतल्या परदेशी लोकांच्या मेजवान्या होत्या, आणि माझ्याकडे दिवसभर करायला काहीच नव्हतं. तिथे अंगण नव्हतं. खिडकीतून समोरच्या खिडक्या दिसत. मला त्या इमारतीत दोन वर्षं कुणी नावाने ओळखत नव्हतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात नॉर्वेहून एक कार्ड आलं. चित्रात ओलं, हिरवं जंगल होतं. मागे मायस्टरांनी लिहिलं होतं की ते पुन्हा तिथे आले आहेत, या खेपेला बहीण बरोबर आहे, तिला समुद्र पाहायचा होता. रोज किनाऱ्यावर जाऊन बसते आणि शेगडी दाराशी ठेवल्याबद्दल तुमचं कौतुक करते. खाली दोघांच्या सह्या.

मला खूप बरं वाटलं. मी ते कार्ड दोनदा वाचलं, स्वयंपाक केला, ताटं घेतली. आणि जेवायला बसले. हे पेपर वाचत होते. मी म्हणाले, "अहो, मला इथे फार एकटं वाटतं."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी मराठीत किंवा जर्मनमध्ये, कुणापाशीच म्हटलेलं नव्हतं.

यांनी पेपर खाली ठेवला.  "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मग मी ताट बाजूला सारलं आणि पहिल्यापासून सांगू लागले.